बेचाळीस किलोंचा हात

आकाराम लोहाराचा हात बेचाळीस किलोंचा भरला, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. हात कापून काट्यावर ठेवला नव्हता, घाबरू नका. तो शाबूत होता, खांद्याला होता, आणि त्याच हातात चहाचा कप धरून आकाराम वस्ताद मोटार शर्यतींच्या मंडळाचं पत्र तिसऱ्यांदा वाचत होता.

"आबा, काय लिहिलंय एवढं?" मुलगी ईश्वरीनं गाडीखालून डोकं काढून विचारलं.

"माझ्या हाताचं वजन लई झालंय म्हणं. तेवढं लोखंड आता तुझ्या गाडीत घालायचं."

ती हसली. तिला चेष्टा वाटली. पत्र वाचल्यावर मात्र तिचं हसू मावळलं.

आता हे प्रकरण काय ते सांगायला हवं. टूरिंग कार म्हणजे दिसायला तुमच्याआमच्या दारात उभी असते तशीच चार दारांची गाडी. फक्त आतून सोलून काढलेली, एक खुर्ची आणि लोखंडी पिंजरा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकत्र पळतात, म्हणून शर्यत रंगावी यासाठी पहिल्यापासून वजनाचा खेळ चालत आला. जो जिंकला त्याच्या गाडीत पुढच्या खेपेला जादा लोखंड भरायचं. पुढं इंजिनं सीलबंद झाली. मग बॅटरी सगळ्यांना एकच, टायर एकच, गाडीच्या संगणकातली प्रणालीही एकच. कुणाच्या गाडीत कुणापेक्षा काही जास्त उरलंच नाही. एवढा एक नियम राहिला, की नट माणसानंच आवळायचा. कारण एका वर्षी यंत्रमानवांनी बांधलेल्या गाड्या पळवून बघितल्या, तर बघायला कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं.

आणि तरीही आकारामनं बांधलेली गाडी दर फेरीला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुढं! सीलं तपासून झाली, तेल तपासून झालं, काही म्हणता काही सापडेना.

सापडलं ते भलत्याच ठिकाणी. रेल्वेपुलांचे बोल्ट तपासणाऱ्या काही संशोधकांनी एक यंत्र काढलं होतं. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, केसाच्या जाडीइतका. तो ताण म्हणजेच खरी पकड. पण पान्यावर आपण जो जोर लावतो, त्यातले दहापैकी नऊ वाटे निव्वळ घर्षणात जातात आणि उरलेला एक वाटा बोल्टला ताणतो. म्हणून ठरलेल्या जोराला टक्कन वाजणारा पाना वापरला तरी दोन बोल्ट सारखे ताणले जात नाहीत. वीसपंचवीस टक्क्यांचा फरक धरूनच चालायचं. आकारामचे बोल्ट तपासले, तर फरक निघाला एक टक्का. पान्याच्या टक्कन वाजण्याकडं तो लक्षच देत नव्हता. त्याच्या मनगटाला कळायचं. त्यामुळं वळणावर चाकांचे कोन तसूभर हलायचे नाहीत, टायर सारखे झिजायचे, आणि तिथंच तो तिसरा हिस्सा दडून बसला होता.

इथवर सगळं कौतुकाचंच. पण बोल्टमध्ये माणसाला ऐकू न येणारी ध्वनिलहर सोडून तिचा प्रतिध्वनी पकडला, की आतल्या ताणाचा नकाशा मिळतो. नट किती दमांत फिरवला, कुठं थांबला, कुठं पाव आटा मागं घेऊन पुन्हा बसवला, सगळं धातूत राहतं. लाखभर बोल्ट ऐकल्यावर यंत्र हस्ताक्षर ओळखावं तसं माणूस ओळखू लागलं. हा बोल्ट आकारामचा, हा नाही. मंडळाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. समानतेला राहिलेलं शेवटचं भोक सापडलं होतं! लगेच कलम चौदा निघालं, हस्तभार. ज्या हातामुळं गाडी जितकी पुढं जाते, तितकं लोखंड त्या गाडीत.

आयुष्यभर चांगलं काम केल्याची शिक्षा माणसाला अशी किलोवर मोजून मिळालेली मी तरी दुसरी बघितली नाही.

त्या हंगामात ईश्वरी बेचाळीस किलो उरावर घेऊन पळाली. कधी पाचवी, कधी सहावी, एकदा चौथी. पोरगी हट्टी. कोल्हापूरच्या पोरींसारखं 'आलो, गेलो, करतो' बोलणारी आणि तसंच वागणारी. पण लोखंडाला हट्ट कळत नाही. शेवटची शर्यत कागलच्या माळावरच्या ट्रॅकवर होती. तिथं पहिले दोन येतील त्यांना आशियाई मालिकेच्या संघात घेणार होते, आणि त्या संघाची वयाची अट सव्वीस. ईश्वरीला पुढच्याच महिन्यात सत्ताविसावं लागणार होतं. बारा वर्षांची असल्यापासून तिनं एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि तिची दारं आता बंद व्हायला आली होती.

आकारामनं हिशेब सिम्युलेटरवर घालून बघितला. बेचाळीस किलो घेऊन चौथी. मोकळी गाडी असेल तर दुसरी, कदाचित पहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मंडळाच्या तांत्रिक तपासनीस हर्डीकर मॅडमना लिहून दिलं, की कागलच्या शर्यतीत मी गाडीला हात लावणार नाही.

"नियम नीट ऐकून घ्या, आकारामजी," मॅडम फोनवर म्हणाल्या. बाई पुण्याच्या, बोलणं स्वच्छ, मनानं वाईट नव्हत्या. "सगळे बोल्ट नवे घालावे लागतील. तुम्ही गाडीच्या जागेभोवती बांधलेल्या पिवळ्या दोराबाहेर उभं राहायचं. तुम्ही हात लावलात, किंवा आतल्यांना एका शब्दाची सूचना जरी केलीत, तरी बेचाळीस किलो परत आणि गाडी सर्वांत मागून सुटणार."

"एक शब्द बी न्हाई?"

"एक शब्दही नाही."

ईश्वरीला कळलं तेव्हा तिनं हातातला पाना आपटला. "तुमचा हात नसलेल्या गाडीत मी बसत न्हाई. सरळ सांगतो."

"बसायचं. आणि पळायचं."

"आबा, मला भीती वाटते."

"सर्जा हाय की! वीस वर्षं माझ्या हाताखाली काढल्यात त्यानं. त्याचा हात म्हंजे माझाच हात."

हे तो दिलासा द्यायला बोलला खरा, पण यंत्रालाही नेमकं तेच वाटलं. सर्जेराव चौगुले हा आकारामचा पट्टशिष्य, चाळिशीचा, अबोल गडी. त्याचे बोल्ट तपासले तर यंत्रानं सांगितलं, एकोणीस किलो. हात सर्जेरावचा, पण वळण आकारामचं. शिकवणीचाही भार असतो म्हणे!

मग तीन आठवडे त्या शेडमध्ये जे चाललं, ते बघवत नव्हतं. वस्ताद शिष्याला विसरायला शिकवत होता. एका लोखंडी चौकटीवर बोल्ट लावून सर्जेरावनं आवळायचे, भाड्यानं आणलेल्या लहान यंत्रानं ऐकायचं, आणि आकडा खाली येईपर्यंत पुन्हा.

"थांबलास बघ तितं. थांबू नको."

"वस्ताद, तितं थांबायलाच लागतंय. आटा बसत न्हाई न्हाईतर."

"मला कळत न्हाई व्हय रं? ओढ सरळ. पाना वाजला की सोड."

"असं कसं सोडू? आतनं कळतंय की अजून बसला न्हाई."

"आतनं कळतंय ते बंद कर!" आकाराम ओरडला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. सर्जेराव पाठ करून उभा राहिला. एवढा दांडगा गडी, पण खांदे हलत होते.

एकोणीसचे बारा झाले, बाराचे सात, आणि शेवटच्या आठवड्यात दोन. सर्जेराव आता पडद्यावरची यादी बघून काम करायचा. यादीत लिहिलंय ते करायचं, मनगटाला विचारायचं नाही. पूर्वी काम करताना गुणगुणायचा, तेही थांबलं. आकारामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जमलं." दोघांनाही ते ऐकून रडू यायचं बाकी होतं.

पण विसरायची म्हणून जी जी सवय त्यांनी हुडकून काढली, त्यात एक राहून गेली. ती हाताची नव्हतीच, म्हणून यंत्राला कधी दिसली नाही, आणि चौकटीवर तो नटच नव्हता, म्हणून त्यांनाही आठवली नाही.

त्या शेडमध्ये शेवटचा नट वस्तादाचा असायचा. उजव्या पुढच्या चाकामागचा, खालच्या आर्मचा, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या दांड्याचा नट. आकारामच्या वस्तादापासून चालत आलेलं. का, तर चालकाचे पाय त्याच्याच वर असतात, म्हणून तो सगळ्यांत जाणत्यानं आवळायचा. बाकी गाडी बांधून झाली की सर्जेराव तो नट बोटांनी चढवून ठेवायचा, यादीवर सगळ्या खुणा करून टाकायचा, बॉनेटवर लाल फडकं पसरून त्यावर पाना ठेवायचा आणि चार पावलं मागं सरायचा. आकाराम यायचा, नट आवळायचा आणि उजवा हात वर करायचा. हात वर झाला की गाडी सुटली. वीस वर्षांत हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कुठं लिहून ठेवलं नव्हतं. जेवायच्या आधी हात धुवावेत तसं ते होऊन जायचं.

शर्यतीच्या दिवशी कागलच्या माळावर दहा वाजताच ऊन चटचटत होतं. आकाराम पिवळ्या दोराबाहेर उभा होता. आत सर्जेराव आणि तिघं जण नवे बोल्ट घालून गाडी बांधत होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण परक्याच्या लग्नात उभं असल्यासारखं त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना. शेवटी खिशात घातले. ईश्वरी हेल्मेट घालून गाडीत बसली होती. तिनं काचेतून त्याच्याकडं बघितलं, त्यानं मान हलवली.

अकराच्या सुमाराला काम संपलं. सर्जेरावनं यादीवर खुणा केल्या. बॉनेटवर लाल फडकं टाकलं, त्यावर पाना ठेवला, चार पावलं मागं सरला आणि दोराकडं बघत उभा राहिला. बाकीचे तिघंही त्याच्यामागं उभे राहिले.

आकाराम दोराजवळ सरकला. पोरांनी रीत मोडली नव्हती! आपण आत नाही तरी मान आपल्यालाच, असं त्याला वाटलं. नमस्कारच करतायत, अशा समजुतीनं त्यानं खिशातला उजवा हात काढला आणि वर केला.

हात वर झालेला सर्जेरावनं बघितला. तीन आठवडे त्यानं मनगटाला बोलू दिलं नव्हतं, डोक्याला विचार करू दिला नव्हता. उरलं होतं ते वीस वर्षांचं वळण. हात वर झाला म्हणजे नट आवळला. त्यानं पाना उचलला, फडकं घडी करून खिशात घातलं आणि गाडी तपासणीला ढकलली.

तपासणीचं यंत्र दोरापासून वीसेक पावलांवर होतं आणि त्याची पाटी सगळ्यांना दिसेल अशी उंच लावलेली. एकेका बोल्टचा निकाल झरझर सरकत गेला आणि शेवटी एकूण आकडा आला, हस्तभार दोन किलो. हर्डीकर मॅडमनी दुरूनच आकारामकडं बघून अंगठा दाखवला.

"मानलं तुमच्या सर्जेरावांना!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "एका बोल्टवर तर हाताची खूणच नाही. अगदी कोरा. असं आम्हीही पहिल्यांदाच बघतोय."

आकाराम हसला, आणि हसता हसता थांबला. पाटीवर ती ओळ अजून दिसत होती. उजवं पुढचं चाक, खालचा आर्म, हात आढळला नाही.

कोरा? नवशिक्याचासुद्धा हात उमटतो. तीन आठवडे घासून सर्जेराव दोनाच्या खाली आला नव्हता. मग हा एकच बोल्ट कोरा कसा? आणि तोच नट कसा?

गाड्या सुरुवातीच्या रेषेवर गेल्या होत्या. हिरवा दिवा लागायला वीस मिनिटं होती. चाक न काढताही तो नट अर्ध्या मिनिटात आवळता येतो. फक्त ओरडायचं होतं, 'सर्जा, खालचा नट बघ.' तीन-चार शब्द. त्या शब्दांवर बेचाळीस किलो परत येणार होते, गाडी सगळ्यांच्या मागं जाणार होती, आणि ईश्वरीचं सव्विसावं वर्ष तिथंच संपणार होतं.

आणि सर्जेरावनं आवळला असेल तर? यादीवर खूण आहे. सर्जानं खूण केली म्हणजे केलं असणार. कदाचित शिकता शिकता तो खरंच कोरा झाला असेल. आपणच त्याला तसं केलं नाही का? उगाच म्हातारपणाची शंका काढून पोरीच्या आयुष्याचं वाटोळं करायचं का? आकाराम दोराला धरून उभा राहिला. वीस वर्षं आपण नट आवळण्याआधीच ती खूण होत आलीय, हे त्याला तेव्हा आठवलं नाही. की आठवलं, आणि त्यानं आठवू दिलं नाही? त्याचं त्यालाच पुढं कधी सांगता आलं नाही.

हिरवा दिवा लागला.

शर्यत अठरा फेऱ्यांची. चौथ्या जागेवरून सुटलेली ईश्वरी तिसऱ्या फेरीला तिसरी झाली, नवव्या फेरीला दुसरी. लोक उभे राहून ओरडत होते. "नादच न्हाई करायचा!" मागून कुणीतरी आकारामच्या पाठीवर थाप मारली. अकरावी फेरी गेली, बारावी गेली. त्यालाही वाटायला लागलं, की झालं, उगाच घाबरलो. तेराव्या फेरीला तर तो दोर सोडून टाळ्या वाजवायला लागला.

चौदाव्या फेरीला डावीकडच्या लांब वळणावर सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर आला, आणि ते चाक गाडीखाली दुमडलं. गाडी सरळ भिंतीवर गेली. आधी ती तुटलेली दिसली आणि आवाज मागाहून आला. आकाराम दोर ओलांडून धावला. आता त्याला कुणी अडवलं नाही.

पोरगी जगली. कमरेखालचं मात्र काही जगलं नाही.

मंडळानं चौकशी केली, मंडळाला तेवढं छान जमतं. हर्डीकर मॅडम अहवाल स्वतः घेऊन इस्पितळात आल्या आणि बाकावर आकारामच्या शेजारी बसल्या. नट फक्त बोटांनी चढवलेला होता, असं अहवालात लिहिलं होतं. बोल्टवर कुणाचाच हात नसल्यानं यंत्रानं त्याचा भार शून्य धरला, ही नोंद अचूक होती. यंत्राचं काम भार मोजणं, सुरक्षा तपासणं नव्हे. पुढच्या हंगामापासून दर बोल्टवर किमान एक हात असणं सक्तीचं केलं होतं.

"मी त्याला कोरा म्हणाले," मॅडम म्हणाल्या. "वर अभिनंदनही केलं. मला झोप लागत नाही हो."

सर्जेराव रोज सकाळी इस्पितळाच्या फाटकापर्यंत यायचा, तिथंच उभा राहायचा आणि दुपारी परत जायचा. आत यायचं धाडस त्याला झालं नाही. त्यानं हत्यारं सगळी विकून टाकली, असं कळलं.

तीन आठवड्यांनी ईश्वरी नीट बोलायला लागली. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन तिच्या अंथरुणावर आलं होतं. आकाराम मोसंबी सोलत होता. चौकशीचं तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"आबा, एक विचारू? रागावणार न्हाई न्हवं?"

"विचार की बाळा."

"दुसऱ्याच फेरीला हादरा लागला होता. स्टीअरिंग थरथरत होतं. मी गाडी आत घ्यायला निघालो होतो." ती छताकडं बघत बोलत होती. "मग म्हटलं, आबांनी हात वर केलेला मी काचेतनं बघितलाय. म्हंजे शेवटचा नट त्यांनी आवळलाय. दोराखालनं गुपचूप येऊन गेले असतील माझ्यासाठी. मग गाडीला काय होतंय? हादरा टायरचा असेल. म्हणून सोडली न्हाई गाडी."

आकारामनं मोसंबी खाली ठेवली.

"तुमचा नट कधी सैल होत न्हाई, आबा. म्हंजे माझंच चुकलं असणार. वळण लई जोरात घेतलं मी. व्हय न्हवं? सगळं माझ्याच हातानं झालं."

व्हय म्हटलं असतं तर बापाचा हात तिच्यापाशी जन्मभर शाबूत राहिला असता. क्षणभर त्याला तो मोह झालाही. पण तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडं ओघळत होतं, आणि ते त्याला बघवेना.

"तुझं काय बी चुकलं न्हाई," तो म्हणाला. "नट मी आवळलाच न्हवता, बाळा. कुणीच आवळला न्हवता."

ईश्वरीनं मान वळवली. ओळख पटत नसल्यासारखं तिनं त्याच्याकडं बघितलं.

"मग हात कशाला वर केलासा?"

आकारामनं मांडीवरच्या उजव्या हाताकडं बघितलं. आणि हिरवा दिवा लागण्याआधीच्या त्या वीस मिनिटांचं तर त्यानं तिला अजून सांगितलंच नव्हतं.